विश्लेषण : व्हेनिसमधील अखेरचे दिवस… गाब्रिएलींची अंगठी श्युट्झ यांच्याकडे कशी आली?

बाख यांच्या बरोबर १०० वर्षे आधी, १५८५ मध्ये जन्मलेले हाइनरिख श्युट्झ हे त्यांच्या पूर्वीच्या जर्मन संगीतकारांतील सर्वांत मोठे नाव. त्यांची घडण मात्र व्हेनिसमध्ये झाली. तेथील प्रदीर्घ मुक्काम संपत आला तो गुरूच्या मरणानेच.

कायद्याचा विद्यार्थी व्हेनिसला का गेला?

श्युट्झ यांच्या वडिलांची वाइसेनफेल्स गावात सराई होती. १५९८ मध्ये हेस-कासेलचे राजे मॉरिट्झ तेथे उतरले असता त्यांनी मुलाचे गाणे ऐकले आणि त्याला दरबारी गायकवृंदासाठी मागून घेतले. पुढे आवाज फुटला, तसे श्युट्झ मारबुर्ग विद्यापीठात कायदा शिकू लागले. घरच्यांनाही तेच हवे होते. १६०९ मध्ये मॉरिट्झ पुन्हा आडवे आले. व्हेनिसचे जोव्हान्नी गाब्रिएली आता थकले आहेत, ते आहेत तोवर त्यांच्याकडून शिकून घे, असा त्यांचा आग्रह. सोबत वर्षाला २०० थालरची शिष्यवृत्ती, दोन वर्षांसाठी.

तेथे काय शिकले?

गाब्रिएली सान मार्को चर्चचे ऑर्गनवादक होते. या चर्चमध्ये समोरासमोर उंचावर सज्जे आहेत. गायक आणि वादकांचे वेगवेगळे ताफे करून, त्यांच्यात सूर फेकण्या-झेलण्याचा खेळ मांडायचा, ही गाब्रिएलींची खासियत. तरुणपणी ते स्वतः म्युनिकच्या दरबारात ओर्लांडो दि लासो यांच्या हाताखाली होते. परदेशात जाऊन शिकणे म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होते. १६११ मध्ये श्युट्झ यांचा १९ इटालियन माद्रिगाल गीतांचा संग्रह व्हेनिसमध्येच छापला गेला. शिक्षण पुरे झाल्याचा तो पुरावाच. त्यातले शेवटचे, आठ आवाजांचे गीत मॉरिट्झ यांना उद्देशून आहे. तरीही श्युट्झ परतले नाहीत, मुदत वाढली.

शेवटी काय घडले?

गाब्रिएलींना बरीच वर्षे मूतखड्याचा त्रास होता. ऑगस्ट १६१२ मध्ये ते गेले. मृत्युशय्येवरून त्यांनी आपल्या अंगठ्यांपैकी एक या शिष्याला आठवण म्हणून द्यायला सांगितली. ती पोहोचवली त्यांच्या धर्मगुरूंनी, ऑगस्टिनियन पंथाच्या एका साधूने. गुरू कॅथलिक, शिष्य ल्युथरपंथी. आणि सहाच वर्षांनी याच दोन पंथांच्या वैरातून युरोपात ३० वर्षे चाललेले युद्ध पेटणार होते. हे लक्षात घेतले म्हणजे त्या साध्या निरोपाचे वजन कळते. अंत्ययात्रेत श्युट्झ सोबत चालले. गाब्रिएलींना सान्तो स्तेफानो चर्चमध्ये पुरण्यात आले. अंगठी म्हणजे वारसदाराची निवड, असा अर्थ नंतर अनेकांनी काढला. तो ओढूनताणून काढलेला वाटतो. त्यात माया होती, एवढे मात्र नक्की.

परतल्यावर लगेच नाव झाले का?

नाही. १६१३ मध्ये श्युट्झ कासेलला परतले ते दुय्यम ऑर्गनवादक म्हणून. घरच्यांनी पुन्हा कायद्याचा धोशा लावला, संगीत हा फक्त जोडधंदा ठेव म्हणून. शिकलेले काही वर्षे झाकून ठेवावे आणि भरीव काही हाती आले की मगच जगापुढे यावे, असे त्यांनी ठरवले होते. पण ड्रेस्डेनच्या दरबाराने त्यांना ओढून नेले. १६१९ मध्ये ‘दाविदाची स्तोत्रे’ प्रसिद्ध झाली. व्हेनिसचे ते सज्जे या जर्मन भाषेतल्या रचनांत स्पष्ट ऐकू येतात. १६२८ मध्ये ते पुन्हा व्हेनिसला गेले, तेव्हा सान मार्कोत मॉन्तेवेर्दी होते आणि संगीताची तऱ्हाच पालटली होती. श्युट्झ यांनी तीही आत्मसात केली. गुरू म्हणून नाव घेतले ते मात्र गाब्रिएलींचेच.

ही हकीकत कळली कशी?

एका सरकारी अर्जातून. १६५१ मध्ये, वयाच्या ६५ व्या वर्षी, श्युट्झ यांनी ड्रेस्डेनच्या राजाकडे निवृत्ती मागितली आणि आपण आयुष्यभर काय केले याचा तपशील जोडला. दरबारी वादकांचे पगार थकले होते, श्युट्झ स्वतःही थकले होते. नोकरीच्या त्या हिशेबात, ३९ वर्षांपूर्वीची अंगठीही नोंदलेली आहे. अर्ज मान्य झाला नाही. कामातून मोकळीक मिळाली ती १६५६ मध्ये राजाचे निधन झाल्यानंतर.