परसबागेतल्या कंपोस्टचं इंदूर कनेक्शन: शिकवायला आलेला साहेब शेतकऱ्यांचा शिष्य झाला!

वाशिम जिल्ह्यातल्या अनसिंगकडे तूर निघाली की तुराट्या उरतात. काही चुलीत जातात, काही बांधावरच पेटवल्या जातात. पण अशाच काडीकचऱ्याचं तीन महिन्यांत खत करायची पद्धत जवळपास १०० वर्षांपूर्वी होळकरांच्या इंदुरात तयार झाली. आज परसबागेत आपण जे कंपोस्ट करतो, त्याची मुळं बरीचशी तिथेच आहेत. ती घडवणारे शास्त्रज्ञ म्हणजे सर अल्बर्ट हॉवर्ड.

हॉवर्ड यांचा जन्म १८७३ मध्ये इंग्लंडमधल्या शेतकरी कुटुंबात झाला. केंब्रिजला शिकून १९०५ मध्ये ते बिहारमधल्या पुसा इथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. तिथले शेतकरी औषधं न फवारताही निरोगी पिकं घेताना त्यांना दिसले. मग त्यांनी या शेतकऱ्यांनाच गुरू मानलं. पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. गव्हाच्या वाणांवर दोघांनी मिळून काम केलं.

१९२४ मध्ये इंदूरला नवी संशोधन संस्था उभी राहिली. होळकर संस्थानाने तिला ३०० एकर जमीन दिली. तिथे हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी इथल्या शेतकऱ्यांचा अनुभव आणि चीनमधली जुनी खतपद्धत यांची सांगड घातली.

पद्धत साधी होती. कपाशी-तुरीच्या कडक काड्या रस्त्यावर पसरायच्या, म्हणजे बैलगाड्यांखाली त्या चुरतात. मग उथळ खड्ड्यात काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर द्यायचे. ओल टिकवायची आणि हवा मिळावी म्हणून तीनदा ढीग उलटायचा. साधारण ९० दिवसांत खत तयार!

१९३० मध्ये गॅब्रिएल यांचं निधन झालं. पुढच्याच वर्षी हॉवर्ड यांनी भारत सोडला. त्याच वर्षी आलेल्या कंपोस्टवरच्या पुस्तकावर वाड यांचंही नाव होतं. पुढे 'सर' ही पदवी आणि जगभर प्रसिद्धी मिळाली ती हॉवर्ड यांना. वाड यांचं नाव मात्र मागे पडलं. हॉवर्ड यांचे विचार वाचून अमेरिकेत जे. आय. रोडेल यांनी १९४२ मध्ये सेंद्रिय शेती आणि बागकामाचं मासिक सुरू केलं. १९४७ मध्ये हॉवर्ड यांचं निधन झालं.

आज सेंद्रिय बागकाम परदेशी फॅड वाटतं. पण त्याचा एक मोठा धडा आपल्याच शेतकऱ्यांनी दिला होता. तेव्हा पालापाचोळा पेटवण्याआधी एक छोटा खड्डा करून बघा!