विनोबा भावे

विनायक नरहरी भावे तथा आचार्य विनोबा भावे (जन्म : गागोदे, कुलाबा जिल्हा, ११ सप्टेंबर १८९५, मृत्यू : पवनार, वर्धा जिल्हा, १५ नोव्हेंबर १९८२) हे गीतेचे भाष्यकार, महात्मा गांधींचे अनुयायी आणि भूदान चळवळीचे प्रवर्तक होते. भारतीय अध्यात्मपरंपरेत त्याग हे प्रामुख्याने व्यक्तीच्या मोक्षाचे साधन मानले गेले आहे. त्याच त्यागावर समाजाची उभारणी करता येईल का, हा विनोबांच्या आयुष्याचा मुख्य प्रश्न होता. शिक्षण, पैसा, संघटना, प्रवास आणि अखेरीस अन्न अशा एकेक गोष्टी त्यांनी क्रमाने सोडल्या. यांपैकी काही त्यागांमुळे त्यांचे कार्य वाढले, तर काहींची किंमत त्याच कार्याला मोजावी लागली.

बालपण व गृहत्याग

विनोबांचा जन्म कोकणातील गागोदे (आताचा रायगड जिल्हा) या खेड्यात झाला. वडील नरहरी शंभुराव भावे नोकरीनिमित्त बडोद्यास राहत. आई रुक्मिणीबाई भाविक होत्या. घरचा फणस पिकला की त्याचे गरे आधी शेजाऱ्यांकडे पोहोचवावेत आणि मग घरच्यांनी खावेत, अशी त्यांची शिकवण होती. विनोबांनी पुढे आपल्या आठवणींत या संस्काराचा आवर्जून उल्लेख केला आहे. बाळकोबा आणि शिवाजी हे त्यांचे धाकटे बंधूही आजन्म ब्रह्मचारी राहिले.

बडोद्यात शिकत असताना त्यांनी आपली प्रमाणपत्रे आईच्या चुलीत जाळून टाकली. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघाले असता ते वाटेत सुरतेला उतरले आणि काशीस गेले. ब्रह्मज्ञानासाठी हिमालय आणि क्रांतीसाठी बंगाल अशी दोन्ही ओढ त्यांच्या मनात होती. गांधीजींनी काशीतील हिंदू विश्वविद्यालयात केलेल्या भाषणाचा वृत्तान्त वाचून त्यांनी गांधीजींशी पत्रव्यवहार केला आणि ७ जून १९१६ रोजी ते अहमदाबादजवळील कोचरब आश्रमात दाखल झाले. पहिल्या भेटीच्या वेळी गांधीजी भाजी चिरत होते. आश्रमातून वर्षभराची रजा घेऊन विनोबांनी वाई येथे नारायणशास्त्री मराठे (पुढे केवलानंद सरस्वती) यांच्याकडे उपनिषदांचे व ब्रह्मसूत्रांचे अध्ययन केले. १९२१ मध्ये गांधीजींच्या सूचनेवरून ते वर्ध्याच्या आश्रमाची जबाबदारी सांभाळू लागले.

त्यागविचार

गीता मराठीत समजावी ही आईची इच्छा होती. १९१८ मध्ये तिचे निधन झाले. पुढे १९३०-३१ मध्ये विनोबांनी 'गीताई' हा समश्लोकी अनुवाद पूर्ण केला. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात त्यांनी दर रविवारी एक अशी गीतेवर १८ प्रवचने दिली. ती साने गुरुजींनी लिहून घेतली आणि 'गीता प्रवचने' या नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

गीतेच्या अठराव्या अध्यायात संन्यास आणि त्याग यांतील भेद स्पष्ट केला आहे. मोहाने केलेला त्याग तामस आणि शरीरकष्टांच्या भीतीने केलेला राजस ठरतो. कर्तव्य करीत राहून आसक्ती व फळ सोडणे हा सात्त्विक त्याग होय. विनोबांच्या विचाराचा आधार हाच भेद होता. ईशावास्य उपनिषदावरील 'ईशावास्यवृत्ति' या ग्रंथातही त्यांनी त्याग आणि भोग यांच्या संबंधाचा विचार केला आहे. सर्व विश्व ईश्वराचे असेल तर मालकीचा दावा आधी सुटला पाहिजे आणि त्यानंतर वाट्याला येईल त्याचा उपभोग घ्यावा, असा त्या उपनिषदाच्या आरंभीचा उपदेश आहे.

कांचनमुक्ती व भूदान

१९३८ पासून विनोबांचे वास्तव्य पवनार येथे धाम नदीकाठच्या परंधाम आश्रमात होते. १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहासाठी गांधीजींनी पहिले सत्याग्रही म्हणून त्यांची निवड केली. १९५० मध्ये त्यांनी आश्रमात कांचनमुक्तीचा प्रयोग सुरू केला. पैशाचा व्यवहार टाळून, बैलांचीही मदत न घेता केवळ स्वतःच्या श्रमाने शेती करणे असे त्याचे स्वरूप होते.

हैदराबादजवळील शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनानंतर त्यांनी तेलंगणात पदयात्रा केली. तेथे त्या काळी जमिनीवरून सशस्त्र संघर्ष चालू होता. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली गावातील दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. विनोबांनी गावकऱ्यांसमोर ही मागणी मांडताच रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर जमीन देऊ केली. यातून भूदान चळवळ सुरू झाली. आपल्याला घरातील आणखी एक मुलगा समजून सहावा हिस्सा द्यावा, असे आवाहन करीत विनोबा १३ वर्षे देशभर पायी फिरले. शंकराचार्यांनी लावलेला, दान म्हणजे योग्य वाटणी हा अर्थ त्यांनी स्वीकारला होता. त्यामुळे दात्याने उपकाराची भावनाही सोडावी, असा त्यांचा आग्रह असे. पुढे जमिनीची मालकी गावाकडे सोपवण्याचा ग्रामदानाचा विचार यातूनच विकसित झाला. १९५८ मध्ये त्यांना सामुदायिक नेतृत्वासाठीचा पहिला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

तंत्रमुक्ती

१९५६ च्या अखेरीस तमिळनाडूतील पळणी येथे निधिमुक्ती आणि तंत्रमुक्तीचा निर्णय झाला. चळवळीने गांधी स्मारक निधीचे साहाय्य घेणे थांबवले आणि भूदान समित्या विसर्जित केल्या. लोकांची चळवळ लोकांनीच चालवावी, ती पैशावर व पदांवर अवलंबून राहू नये, हा यामागील विचार होता. मात्र मिळालेल्या जमिनीची मोजणी, कागदपत्रे आणि वाटप ही चिकाटीची कामे यामुळे मागे पडली. ५ कोटी एकरांचे उद्दिष्ट असताना ४० लाख एकरांहून अधिक जमीन दान म्हणून जाहीर झाली, पण भूमिहीनांच्या हाती प्रत्यक्षात त्यातील निम्म्याहून बरीच कमी पोहोचली. काही जमीन नापीक, तर काही वादग्रस्त होती. ज्यांच्यासाठी हा त्याग मागितला गेला, त्या भूमिहीनांनाच या विलंबाची झळ बसली, असा आक्षेप अभ्यासकांनी घेतला आहे.

क्षेत्रसंन्यास व अखेरचा काळ

गांधीजींच्या पहिल्या भेटीला ५० वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, ७ जून १९६६ रोजी, विनोबांनी बाह्य कार्यातून मुक्त होऊन सूक्ष्मप्रवेश जाहीर केला. ऑक्टोबर १९७० पासून त्यांनी क्षेत्रसंन्यास घेऊन पवनारबाहेर जाणे बंद केले. २५ डिसेंबर १९७४ पासून त्यांनी वर्षभराचे मौन पाळले. याच काळात जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनावरून सर्वोदय कार्यकर्त्यांत फूट पडली आणि जून १९७५ मध्ये देशात आणीबाणी जाहीर झाली. त्या वेळी त्यांनी महाभारतातील अनुशासनपर्वाचा केलेला निर्देश आणीबाणीचे समर्थन मानला गेला. अनुशासन आचार्यांचे असते, सत्तेचे नव्हे, असे स्पष्टीकरण त्यांनी मौन संपल्यावर दिले. तरी या भूमिकेवर झालेली टीका थांबली नाही.

नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर त्यांनी अन्न व औषध घेणे थांबवले. वयाच्या ८८ व्या वर्षी, १५ नोव्हेंबर रोजी, पवनार येथे त्यांचे निधन झाले. तो दीपावलीचा आणि जैन परंपरेनुसार महावीरांच्या निर्वाणाचा दिवस होता. त्यांच्या प्रेरणेने १९७४ मध्ये 'समणसुत्तं' हा सर्व जैन पंथांना मान्य असा ग्रंथ सिद्ध झाला होता. १९८३ मध्ये भारत सरकारने त्यांना मरणोत्तर भारतरत्न प्रदान केले. त्यांनी १९५९ मध्ये पवनार येथे स्त्रियांच्या सामूहिक साधनेसाठी स्थापन केलेले ब्रह्मविद्या मंदिर त्यांच्या पश्चातही चालू राहिले.