डॉक्टर यल्लाप्रगड सुब्बाराव

आंध्र प्रांतातील भीमावरम् या गावी १२ जानेवारी १८९५ रोजी सुब्बाराव यांचा जन्म झाला. वडील महसूल खात्यात नोकरीस होते. घरची स्थिती बेताचीच. तेराव्या वर्षी हा मुलगा काशीस जाऊन यात्रेकरूंना केळी विकावी व पैसा मिळवावा या इराद्याने घरातून पळाला. घरच्यांनी त्यास गाठून परत आणले व पुनः शाळेत बसविले. पुढे मॅट्रिकची परीक्षा त्यांस तिसऱ्या खेपेस साधली. ही गोष्ट आम्ही मुद्दाम लिहितो, कारण निकालाच्या दिवशी घरोघरी कशी अवकळा पसरते हे आम्हांस चांगले ठाऊक आहे.

मद्रासच्या मेडिकल कॉलेजात असता गांधीजींच्या हाकेस अनुसरून ते शस्त्रक्रियेच्या वेळी खादीचा झगा घालू लागले. ही गोष्ट त्यांच्या इंग्रज अध्यापकांस रुचली नाही, आणि लेखी परीक्षा उत्तम देऊनही सुब्बाराव यांस एम्. बी. ऐवजी एल्. एम्. एस्. ही कमी दर्जाची पदवी मिळाली. सरकारी नोकरीचे दार बंद झाले. तेव्हा मद्रासच्या आयुर्वेद कॉलेजात शरीरशास्त्र शिकवून ते दिवस काढू लागले. याच सुमारास त्यांचे दोन भाऊ संग्रहणीच्या विकाराने थोड्या दिवसांच्या अंतराने दगावले. डॉक्टर असूनही त्यांस काही करता आले नाही, कारण त्या रोगावर औषधच नव्हते.

सासऱ्यांच्या व एका धर्मादाय संस्थेच्या साहाय्याने ते १९२३ च्या सुमारास अमेरिकेत बोस्टन येथे गेले. तरुण पत्नी मागे राहिली. तेथे प्रथम रुग्णालयात रात्रपाळीस रोग्यांची मलमूत्रपात्रे उचलण्याचे काम करून त्यांनी पोट भरले व हार्वर्ड विद्यापीठात शिक्षण चालू ठेविले. सायरस फिस्क या अध्यापकांसमवेत त्यांनी रक्तातील व मूत्रातील फॉस्फरस मोजण्याची जी रीत १९२५ मध्ये प्रसिद्ध केली, ती पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत रूढ झाली. याच मोजमापाच्या आधाराने १९२७ मध्ये स्नायूंतील फॉस्फोक्रिएटीन व त्यामागोमाग एटीपी ही द्रव्ये त्यांच्या हाती आली. स्नायूंस बळ कोठून मिळते याविषयीचा तोवरचा समज त्यामुळे बदलावा लागला. एटीपी जर्मनीत लोमान यांसही त्याच सुमारास गवसले होते, हेही सांगणे न्याय्य होय. इतके होऊनही हार्वर्डात त्यांस कायमची जागा मिळाली नाही, व १९४० मध्ये ते लेडर्ली या औषधी कारखान्याच्या संशोधनशाळेत गेले.

येथे भावांच्या मृत्यूची कथा पुनः पुढे येते. १९२८ नंतरच्या काही वर्षांत लूसी विल्स या इंग्रज विदुषी मुंबईस येऊन गरोदर गिरणी-कामगार स्त्रियांच्या पंडुरोगाचा अभ्यास करीत होत्या. यीस्टच्या सत्त्वाने तो बरा होतो असे त्यांस आढळले. परंतु त्यातील गुणकारी द्रव्य कोणते, ते कळेना. सुब्बाराव यांच्या हाताखालील मंडळींनी ते शुद्ध करून १९४५ मध्ये कृत्रिम रीतीने तयार केले. तेच फॉलिक ॲसिड होय. संग्रहणीच्या रोग्यांस ते देताच त्यांच्यात सुधारणा होऊ लागली. भाऊ गेल्यास त्या वेळी दोन तपे होत आली होती.

तथापि या द्रव्याने रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांचा रोग उलट बळावतो असे बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांस वाटले. मग जे फॉलिक ॲसिडासारखे दिसेल पण त्याचे काम अडवील, असे द्रव्य का करू नये? सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेने अशी द्रव्ये पुरविली. त्यांपैकी ॲमिनॉप्टेरीन दिल्यावर सोळा मुलांपैकी दहांचा रोग काही काळ मागे हटला, असे फार्बर यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केले. ती मुले पुढे वाचली नाहीत. पण या रोगास औषधाने मागे सारता येते हे त्या वेळी प्रथमच दिसले. त्याच जातीचे मेथोट्रेक्सेट आजही कर्करोगावर व सांधेदुखीच्या एका दारुण प्रकारावर देतात.

हत्तीपायाच्या रोगावरील हेट्राझान हे औषधही त्यांच्याच शाळेतून १९४७ मध्ये निघाले. आमच्याकडे चांदा-गडचिरोली भागात हा रोग पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि तेथे गावोगाव वाटल्या जाणाऱ्या गोळ्यांत हेच द्रव्य असते. ऑरिओमायसीन हे प्रतिजैविक शोधणारे वनस्पतिशास्त्रज्ञ डग्गर यांच्या कार्यासही सुब्बाराव यांचा आधार होता.

९ ऑगस्ट १९४८ रोजी न्यूयॉर्कनजीक त्यांच्या घरी ते मृतावस्थेत आढळले. झोपेतच हृदय बंद पडले होते. वय त्रेपन्न वर्षांचे होते. १९४६ मध्ये हिंदी लोकांस अमेरिकेचे नागरिक होण्याची मुभा मिळाली होती, पण त्यांनी ती घेतली नाही. आणि सुमारे पंचवीस वर्षांत ते एकदाही मायदेशी आले नाहीत. त्यांची पत्नी शेषगिरी आंध्रातच होती.