डंबेल्स सोडणारा राजा

आमच्या हॉस्टेलची जिम मुलांच्या ब्लॉकमध्ये आहे. मुलींसाठी वेळ संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा, आणि आठवड्यातले चार दिवस आमच्या बॅचचं प्रॅक्टिकल सहाला सुटतं. उरलेल्या अर्ध्या तासात ट्रेडमिलसमोर नऊ मुलींची रांग! बाहेरच्या जिमची वर्षाची फी ऐकली तर मेसचं बिल स्वस्त वाटायला लागतं. शिवाय प्रोटीन पावडरचा डबा वेगळा. त्यामुळे आमच्या मजल्यावर व्यायामाचे दोनच पंथ उरलेत. एक म्हणजे ‘सबमिशन झाल्यावर बघू’वाल्या, आणि दुसऱ्या दोन कॉट्सच्या मधल्या साडेसहा फूट फरशीवर जे जमेल ते करणाऱ्या. मी दुसऱ्या पंथातली.

त्या साडेसहा फुटांत जमतो तो सूर्यनमस्कार. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला तो ‘सन सॅल्युटेशन’ म्हणून पी.टी.च्या तासाला शिकवला होता, शिट्टीवर. तो ऋषिमुनींच्या काळापासून जसाच्या तसा चालत आलाय, असंच मला वाटायचं. पण आज शाळा-शाळांतून घातला जाणारा सूर्यनमस्कार घरोघरी पोचवण्यात सगळ्यात मोठा वाटा आपल्या सातारा जिल्ह्यातल्या एका माणसाचा आहे, आणि तो माणूस चक्क राजा होता! औंध संस्थानचे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. त्यांच्याबद्दल मराठी विभागात कुणीतरी लिहायलाच हवं, आणि इंजिनियरिंगवाल्यांनी तर नक्कीच. का, ते पुढे येईलच.

भवानरावांचा जन्म १८६८ चा. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात परशुराम त्र्यंबक यांना ‘प्रतिनिधी’ हे पद मिळालं, त्यांचं हे घराणं. संस्थान तसं चिमुकलं. ७२ गावं, तीही सलग नाहीत. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे, मधे ब्रिटिश मुलूख. भवानराव पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले, बी.ए. झाले. चित्रं काढायचे, कीर्तन करायचे. हो, राजा असून स्वतः उभं राहून कीर्तन! १९०९ साली ते गादीवर आले तेव्हा चाळिशी ओलांडली होती.

पण आपल्या विषयाची सुरुवात त्याच्या आधीची आहे. १८९७ च्या सुमाराला युरोपात सँडो नावाच्या पहिलवानाची प्रचंड हवा होती. युजीन सँडो, आजच्या बॉडीबिल्डिंगचा आजोबा म्हणायला हरकत नाही. तो नुसता दंड दाखवून थांबला नाही, त्याने व्यायामाचा धंदा उभा केला. पुस्तकं, डंबेल्स, उपकरणं, सगळं विकायला ठेवलं. (आजच्या फिटनेस इन्फ्लुएन्सरांनी नवीन काय शोधलंय, सांगा बघू!) भवानरावांनी सँडोचं साहित्य आणि पुस्तकं मागवली आणि दहा-एक वर्षं इमानदारीने त्याच्या पद्धतीने व्यायाम केला. आपल्यासारखं जानेवारीत सुरू आणि फेब्रुवारीत बंद, असं नव्हे.

छाती भरली, दंड भरले. तरी त्यांचं समाधान होईना. हे स्नायू दिसायला ठीक, पण पोट, पाठीचा कणा, श्वास यांचं काय, असा त्यांचा प्रश्न होता. मग १९०८ च्या सुमाराला, मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून, त्यांनी सूर्यनमस्कार धरले. नमस्कार महाराष्ट्रात नवे नव्हतेच. तालमीत, घरात, रामदासी परंपरेत लोक नमस्कार घालत. भवानरावांनी काय केलं, तर त्याला नीट पद्धत दिली. दहा अवस्था ठरवल्या, कुठल्या अवस्थेत गुडघा कुठे, हनुवटी कुठे, श्वास कधी घ्यायचा आणि कधी सोडायचा हे लिहून काढलं, फोटो छापले. आपल्या भाषेत सांगायचं तर स्टँडर्डायझेशन केलं.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे की ज्याला जगातलं कुठलंही मशीन परवडलं असतं, तो माणूस मशीन सोडून जमिनीवर आला. आणि एकदा जमिनीवर आल्यावर त्याच्या लक्षात आलं की हे तर आपल्या संस्थानातल्या कुणालाही जमेल. डंबेल्स राजालाच परवडतात. हात टेकायला जमीन मात्र सगळ्यांकडे असते.

ह्या दहा अवस्थांचं थोडं मेकॅनिक्स बघू, कारण आपण नमस्कार ‘हलका’ व्यायाम समजतो. उभं राहून हात जोडले, वाकून तळवे जमिनीवर टेकले, एक पाय मागे, मग दुसरा. शरीर हात आणि चवडे यांच्यामध्ये ताणलेलं असतं तेव्हा वजनाचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग तळहातांवर येतो. म्हणजे ५५ किलोच्या मुलीने ३५ किलोच्या आसपास वजन मनगटांवर पेललेलं असतं, एक पैसा न देता. मग साष्टांग. कपाळ, छाती, दोन तळवे, दोन गुडघे, दोन पाय हे आठ बिंदू टेकायचे, पण पोट नाही टेकायचं! इथेच सगळे फसवतात. पोट उचलून धरलं की पोटाच्या स्नायूंना पळवाट राहत नाही. मग वर बघणं, कंबर वर उचलणं, आणि उलट्या क्रमाने परत. कणा एकदा पुढे, एकदा मागे वाकतो. सावकाश बारा घाला, घाम येतो. भरभर पन्नास घाला, दम लागतो. म्हणजे ताकद आणि स्टॅमिना एकाच कृतीत.

भवानराव स्वतः रोज शेकड्यांनी घालायचे. राणीसाहेब घालायच्या, मुलं घालायची. त्या काळी बाईमाणसाने व्यायाम करायचा म्हणजे लोक तोंडात बोटं घालत असतील. पण भवानरावांनी बायकांना आणि मुलींना यातून वगळलं नाही, उलट मुद्दाम आग्रह धरला. शंभर वर्षांपूर्वी! (आमच्या जिमचं टाइमटेबल ज्यांनी बनवलं त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.) खाण्यापिण्याबद्दलही ते कडक होते. तंबाखूला विरोध, चहा-कॉफीला विरोध. व्हायवाच्या आदल्या रात्री औंधच्या राजवाड्यात आपलं काही खरं नव्हतं.

१९२० च्या दशकात त्यांनी नमस्कारांवर मराठीत आणि इंग्रजीत लिहिलं. इंग्रजी पुस्तकाच्या नावातच आरोग्य आणि दीर्घायुष्य यांच्या मधोमध ‘एफिशियन्सी’ हा शब्द आहे, हे वाचून मला राजेसाहेब एकदम आपल्या ब्रँचचे वाटले. १९३६ ला ते इंग्लंडला गेले, तिथे त्यांनी नमस्कारांचा प्रचार केला. त्यातून लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादित केलेलं ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ १९३८ मध्ये लंडनला छापून आलं. आज परदेशात योगाच्या क्लासमध्ये घाम गाळणाऱ्या किती जणांना औंध हे नाव ठाऊक असेल?

आता थोडं कडू. संस्थानातल्या शाळांमध्ये भवानरावांनी नमस्कार सक्तीचे केले. माझी आजी अशाच एका शाळेत जायची, संस्थान विलीन झालं तेव्हा ती दहा वर्षांची होती. थंडीतली गार जमीन तिला अजून आठवते. पोरींना मनातून किती कंटाळा यायचा तेही ती सांगते. राजाचा हुकूम म्हणून घालायचे, बस. आणि तीच आजी आज सत्त्याऐंशीव्या वर्षी जमिनीवर बसून हात न टेकता उठते! त्यामुळे या सक्तीवर काय मत द्यावं, मला खरंच ठरवता येत नाही. आजी म्हणते तब्येतीचं श्रेय नमस्कारांचं नाही, शेतातल्या कामाचं. मला वाटतं दोन्हीचं असेल. पण सक्तीने कंटाळून ज्यांनी शाळा सुटल्यावर आयुष्यात पुन्हा कधी हात टेकले नाहीत, अशाही पुष्कळ असणार, त्यांची मोजदाद कोण करतंय?

दुसरं म्हणजे त्यांचे दावे. नमस्काराने जवळजवळ सगळे आजार दूर राहतात असं त्यांना मनापासून वाटायचं. मंत्रातल्या बीजाक्षरांच्या कंपनांचा शरीराच्या अवयवांवर परिणाम होतो, असंही ते मानत. इथे मी त्यांच्याबरोबर नाही. नियमित व्यायामाने ब्लडप्रेशर, साखर, झोप, मूड यांना फायदा होतो हे आज सिद्ध आहे, पण म्हणून टायफॉइडला नमस्कार हा उपाय नव्हे. मंत्र म्हटल्याने श्वासाला लय येते हे मात्र पटतं. माझी ख्रिश्चन रूममेट मंत्राऐवजी आकडे मोजत घालते, आणि तिचा साष्टांग माझ्यापेक्षा चांगला आहे. आणखी एक त्रुटी, ही मेकॅनिक्सवाल्यांसाठी. नमस्कारात ढकलणं आहे, वाकणं आहे, पण ओढणं नाही. पाठीच्या वरच्या भागाला आणि दंडाच्या पुढच्या स्नायूंना काम द्यायचं तर ग्राउंडवरच्या सिंगल बारला लटकायलाच हवं. ज्यांचं मनगट किंवा कंबर दुखते त्यांनी राजेसाहेबांसारखे शेकडे गाठायच्या भानगडीत पडू नये. आधी डॉक्टरला दाखवा.

आता इंजिनियरिंगवाल्यांचा भाग. १९१० साली बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांवर कारखान्याची जागा सोडायची वेळ आली. तेव्हा त्यांना जागा कुणी दिली? भवानरावांनी! कुंडल रोड स्टेशनजवळचा ओसाड माळ, निवडुंग आणि साप, आणि वर दहा हजार रुपये बिनव्याजी. त्या माळावर लोखंडी नांगर तयार व्हायला लागले आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपल्या हायड्रॉलिक्स लॅबमधल्या पंपावरचं नाव वाचा कधीतरी.

आणि हा राजा नुसता उद्योगांना जागा देऊन थांबला नाही. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायचं ठरवलं, तेव्हा १९१८ मध्ये त्यांनी एक लाख रुपये कबूल केले. १९३५ ला इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. पण सगळ्यात अचाट गोष्ट १९३९ ची. सत्तरी गाठलेल्या या राजाने आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली. मुलगा अप्पासाहेब पंत विलायतेहून शिकून आला होता. मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलंडमध्ये जन्मलेले इंजिनियर (पुन्हा इंजिनियर!) बंगळूरचा विजेच्या सामानाचा कारखाना सोडून औंधला आले होते. गांधीजींचा सल्ला घेऊन राज्यघटना तयार झाली आणि जानेवारी १९३९ मध्ये ती लागू केली गेली. गावकारभार पंचायतींकडे गेला. स्वातंत्र्याला अजून आठ वर्षं होती, आणि बाकीचे बहुतेक संस्थानिक शिकार आणि मोटारींमध्ये दंग होते.

त्याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची बिनभिंतीची वसाहत निघाली. खुनाच्या गुन्ह्यातले कैदी तिथे बेड्यांशिवाय शेती करत. पुढे १९५७ ला व्ही. शांतारामांचा ‘दो आँखें बारह हाथ’ आला, तो याच प्रयोगावरून. त्याचे लेखक ग. दि. माडगूळकर औंध संस्थानातलेच, औंधच्या शाळेत शिकलेले.

शाळेतल्या पोरांना नमस्कारांची सक्ती करणारा आणि खुन्यांना भिंतीशिवाय ठेवणारा, हा एकच माणूस. हे कोडं मला बरेच दिवस सुटत नव्हतं. आता मला वाटतं, त्यांच्या डोक्यात दोन्ही एकच असावं. ज्याला स्वतःचं शरीर सांभाळता येतं त्याच्यावर पहारा लागत नाही, आणि ते सांभाळायची सवय लहानपणीच लावली पाहिजे. आजीला मी हे सांगितलं तर ती हसली. राजाच्या मनात काय होतं ते गार जमिनीवर ओणवं होऊन कळत नाही, असं तिचं म्हणणं.

मार्च १९४८ मध्ये औंध संस्थान विलीन झालं. राजेसाहेबांनी १९३८ मध्येच गावाजवळच्या टेकडीवर संग्रहालय बांधून ठेवलं होतं. त्यात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, आणि हेन्री मूरचं एक शिल्पसुद्धा. एप्रिल १९५१ मध्ये भवानराव गेले, तेव्हा त्यांचं वय ८२ होतं. साताऱ्याहून औंध साधारण चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर आहे. संग्रहालयाच्याही वर यमाईचं मंदिर आहे, आणि तिथपर्यंत पायऱ्या चढून गेलं तर त्या दिवशीचा व्यायाम वेगळा करायला नको.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल