रावबहादुरांच्या चित्रांतली कष्टकरी मुंबई

पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेली लोकल पिंपरी, चिंचवड, आकुर्डी ही स्थानके मागे टाकते, कारखान्यांकडे जाणाऱ्यांची गर्दी तळेगावपर्यंत ओसरते आणि डब्यात जरा हवा खेळू लागली, की मळवली येते. कार्ला-भाजे लेण्यांसाठी येथे उतरणाऱ्यांना या परिसराचे दुसरे महत्त्व सहसा ठाऊक नसते. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये गिरगावात सुरू केलेला शिळाछाप छापखाना पुढे घाटकोपरमार्गे येथे आला. घराघरांतल्या भिंतींवर लक्ष्मी-सरस्वती नेऊन बसवणाऱ्या या छापखान्याने विसाव्या शतकाच्या आरंभी टपालाची सचित्र कार्डेही काढली. त्यांतल्या एका कार्डावर मुंबईची एक मोलकरीण उभी आहे. ते चित्र महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे.

धुरंधरांचे नाव निघाले, की डोळ्यांसमोर येतात ती शिवचरित्रातील भव्य चित्रे, पौराणिक प्रसंग आणि पाठारे प्रभूंच्या घरांतील लग्न-हळदीकुंकवाचे सोहळे. त्यांच्या कीर्तीचा पाया याच चित्रांचा. पण त्या काळच्या मुंबईतील कष्टकरी माणूस कसा उभा राहत होता, ओझे कसे पेलत होता, कोणते कपडे अंगावर घालत होता, हे पाहायचे तर पुन्हा त्यांच्याच छोट्या चित्रांकडे वळावे लागते. या चित्रांना पदके मिळाली नाहीत. ती कार्डांसाठी आणि पुस्तकांसाठी काढलेली, म्हणजे चक्क पोटासाठी केलेली कामे होती.

१८ मार्च १८६७ रोजी कोल्हापुरात जन्मलेले धुरंधर १८९० मध्ये मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. जॉन ग्रिफिथ्स तेव्हा प्राचार्य होते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती विद्यार्थ्यांकडून करवून घेणारा हा इंग्रज शिक्षक. संस्थेतील शिक्षण पाश्चात्त्य वळणाचे होते. आधी प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन आणि मग समोर बसवलेल्या जिवंत माणसाचा अभ्यास, असा तो क्रम. शरीराचा भार कोणत्या पायावर आहे, खांदा कोठे झुकला आहे, वस्त्राची चुणी कोणत्या सांध्यापाशी मोडते, हे वर्षानुवर्षे घोटून घेतले जाई. अशा शिक्षणाला पुढे बंगाली पुनरुज्जीवनवाद्यांनी परकीय अनुकरण ठरवून नाके मुरडली. टीका अगदीच निराधार नव्हती. मात्र रस्त्यावरचा हमाल देवासारखा न दिसता हमालासारखाच दिसावा, यासाठी लागणारी नजर याच घोटण्यातून तयार झाली.

बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना १८९५ मध्ये मिळाले. शिक्षण संपल्यावर ते त्याच संस्थेत शिक्षक झाले आणि निवृत्तीपर्यंत तेथेच राहिले. १९२७ मध्ये रावबहादूर ही पदवी, १९३० मध्ये काही काळ संस्थेचे संचालकपद अशी चढती कमान राहिली. हे पद भूषविणारे ते पहिले भारतीय.

पुस्तकांची कामे या नोकरीच्या जोडीने चालू होती. एस. एम. एडवर्डस यांच्या मुंबईतील आडवाटांवरील पुस्तकाच्या १९१२ च्या आवृत्तीसाठी धुरंधरांनी चित्रे काढली. एडवर्डस हे तेव्हा मुंबईचे पोलीस आयुक्त. त्यांच्या लेखनात कसुंब्याचे अड्डे येतात, मोहरमच्या टोळ्या येतात, सिद्दींची वस्ती येते. शहर रात्री कसे जगते याचे कुतूहल त्यात आहे आणि पहारेकऱ्याची नजरही आहे. १९२० मध्ये ऑटो रॉथफिल्ड या सनदी अधिकाऱ्याचे भारतीय स्त्रियांवरील पुस्तक निघाले, त्यातही धुरंधरांची रंगीत चित्रे आहेत. या पुस्तकात राजघराण्यातील व मध्यमवर्गीय स्त्रियांबरोबर श्रमिक स्त्रियांसाठी वेगळे प्रकरण आहे. कोळीण आणि गवळण तेथे खानदानी स्त्रियांच्या बरोबरीने संपूर्ण पान मिळवून बसल्या. लुगडे कामासाठी किती वर खोचायचे, कासोटा किती आवळायचा, पदर कमरेला कसा बांधायचा, यातून बाईचा व्यवसाय ओळखू येतो, हे धुरंधरांना नेमके ठाऊक होते. वस्त्राच्या या तपशिलात त्यांच्याइतका विश्वासार्ह चित्रकार त्या पिढीत शोधूनही सापडणे कठीण.

तरीही एक गोष्ट खटकते. ही माणसे नावाने येत नाहीत, नमुने म्हणून येतात. अमक्या जातीची बाई, तमक्या धंद्याचा पुरुष, असे ते वर्गीकरण होते आणि ते ग्राहकाला हवे होते. मळवलीच्या छापखान्यातील त्या कार्डावर मोलकरणीला इंग्रजीत नखरेल म्हटले आहे. हा शब्द तिच्याकडे पाहणाऱ्या मालकवर्गाचा आहे. दिवसभर दुसऱ्याची भांडी घासणाऱ्या बाईला तो सुचला नसता.

गिरणीच्या भोंग्यावर चालणारे गिरणगावही या चित्रांपासून दूरच राहिले. जुलै १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. धुरंधर तेव्हा एक्केचाळीस वर्षांचे, म्हणजे ऐन उमेदीत होते. पण त्या दिवसांची खूण त्यांच्या गाजलेल्या चित्रांत आढळत नाही. सरकारी कलाशाळेतील शिक्षकाने संपाचे चित्र काढावे, ही अपेक्षा आज करणे सोपे आहे. तेव्हा त्याची किंमत नोकरी हीच असती. कामगाराला त्याच्या यंत्रासह, लोकलसह आणि थकव्यासह चित्राच्या मध्यभागी आणणारे सुधीर पटवर्धन यांच्यासारखे चित्रकार यायला १९७० चे दशक उजाडावे लागले. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या या डॉक्टरांनीही शरीराची रचना आधी अभ्यासली आणि मग माणूस रंगवला, हे साम्य मात्र लक्षात राहते.

१९३१ मध्ये निवृत्त झाल्यावर धुरंधरांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मकथन लिहिले. ते १९४० मध्ये प्रसिद्ध झाले. मराठीत चित्रकाराने स्वतःच्या व्यवसायाबद्दल इतक्या तपशिलाने लिहिलेली पुस्तके आजही मोजकीच आहेत. १ जून १९४४ रोजी त्यांचे निधन झाले. कन्या अंबिका धुरंधर याही जे. जे. मधून शिकलेल्या चित्रकार होत्या. धुरंधरांच्या जन्माला दीडशे वर्षे झाल्याच्या निमित्ताने २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले.

टपालाची ती कार्डे आता संग्राहकांच्या वह्यांत आहेत. सुरुवातीच्या काळात कार्डाच्या मागे फक्त पत्ता लिहिण्याची मुभा असे. म्हणून निरोप चित्राच्या कडेला मोकळ्या जागेत लिहावा लागे, आणि हवापाण्याची, बोटीच्या तारखांची ती घाईतली अक्षरे चित्रातल्या माणसांच्या पायांपर्यंत येऊन थांबत.