डॉक्टरांचे दुसरे नाव

पोलंडमधील पॉझ्नान येथे २७ एप्रिल १९३१ रोजी क्शिश्तोफ त्शचिन्स्की यांचा जन्म झाला. बालपणी पोलिओने एक पाय अधू केला, पण पियानोची ओढ कायम राहिली. पुढे ते कान-नाक-घशाचे डॉक्टर झाले. तत्कालीन कम्युनिस्ट राजवटीत जाझकडे संशयाने पाहिले जाई. म्हणून इस्पितळातील सहकाऱ्यांना कळू नये यासाठी वादनापुरते त्यांनी 'कोमेडा' हे नाव घेतले. १९५६ साली सोपोतच्या जाझ महोत्सवात त्यांच्या सहा जणांच्या वाद्यवृंदाने रसिकांना जिंकले, आणि लपण्यासाठी घेतलेले नावच सर्वतोमुखी झाले. हळूहळू डॉक्टरकी मागे पडली. स्थिर पेशा सोडणे किती कठीण, हे आम्हा मध्यमवर्गीयांना वेगळे सांगायला नको.

१९५८ पासून रोमान पोलान्स्की यांच्या चित्रपटांना कोमेडांचे संगीत लाभले. 'नाइफ इन द वॉटर' (१९६२) मध्ये सॅक्सोफोनच्या सुरांतून नावेवरील तिघांमधला ताण जाणवतो. १९६५ च्या डिसेंबरात ध्वनिमुद्रित झालेली 'ॲस्टिग्मॅटिक' ही तबकडी युरोपीय जाझमधील मानाची मानली जाते. 'रोझमेरीज बेबी' (१९६८) मध्ये नायिका मिया फॅरो यांनी शब्दांवाचून गायिलेली अंगाई आहे. अंगाईने जीव शांत व्हावा. ही ऐकताना आम्ही अस्वस्थ होतो, तरी ऐकतच राहतो.

त्याच वर्षाच्या अखेरीस लॉस एंजेलिसमध्ये त्यांच्या डोक्याला गंभीर दुखापत झाली. त्यातून ते सावरले नाहीत. २३ एप्रिल १९६९ रोजी वॉर्सात त्यांचे निधन झाले. अडतिसावा वाढदिवस चार दिवसांवर होता.