लूर्ड्सची बर्नादेत

११ फेब्रुवारीला आपण लूर्ड्स मातेचा सण साजरा करतो. मातेचा ग्रोटो आपल्या ओळखीचा असतो. समोर गुडघे टेकून बसलेल्या मुलीकडे मात्र क्वचितच लक्ष जाते.

बर्नादेत सुबिरूचा जन्म ७ जानेवारी १८४४ रोजी फ्रान्समधील लूर्ड्स येथे झाला. वडिलांची पिठाची गिरणी गेली आणि कुटुंब जुन्या तुरुंगाच्या कोंदट खोलीत राहू लागले. दम्याने बेजार, शाळेत मागे पडलेल्या ह्या मुलीला १८५८ साली, १४व्या वर्षी, मासाब्येलच्या गुहेत पवित्र मरियेचे १८ वेळा दर्शन घडले. २५ मार्चला मातेने आपले नाव सांगितले: निष्कलंक गर्भसंभव. अर्थ न कळताच, वाटभर तेच शब्द घोकत तिने ते फादर पेरामाल ह्यांच्या कानी घातले. तोवर फादरांचा विश्वास बसत नव्हता. (त्यांच्या जागी आम्हीही तेच केले असते!)

१८६२ साली बिशपांनी दर्शनांना मान्यता दिली. यात्रेकरूंची रीघ लागली. कुणी पैसे देऊ केले तर बर्नादेत ते घेत नसे. १८६६ मध्ये ती दूर नव्हेरच्या मठात गेली, ती पुन्हा लूर्ड्सला आलीच नाही. १८७६ मध्ये तिथल्या बॅसिलिकेचा अभिषेक झाला, तेव्हाही नाही. मठात तिने आजारी भगिनींची शुश्रूषा केली. मग गुडघ्याच्या क्षयाने स्वतःच अंथरूण धरले. त्या झऱ्यावर कितीतरी जण बरे झाले, ती नाही. सेमिनरीतल्या तत्त्वज्ञानाने हे कोडे आम्हांला उलगडले नाही.

१६ एप्रिल १८७९ रोजी, ३५व्या वर्षी, ती प्रभूच्या घरी गेली. ८ डिसेंबर १९३३ रोजी, निष्कलंक गर्भसंभवाच्या सणादिवशी, पोप पायस अकरावे ह्यांनी तिला संतपद बहाल केले.